लाइक येतात, पण चित्रं विकली जात नाहीत? या चुका टाळा

चित्रकारांच्या गप्पांमध्ये हल्ली एक शब्द शिवीसारखा वापरला जातो: अल्गोरिदम, म्हणजे कुणाची पोस्ट कुणाला दाखवायची ते ठरवणारी इन्स्टाग्रामसारख्या ॲपची यंत्रणा. पोस्ट चालली नाही, अल्गोरिदम. रील पडली, अल्गोरिदम. मीही बरेच दिवस हेच रडगाणं गात होते. मग एकदा मैत्रिणीच्या मोबाइलवरून माझंच इन्स्टाग्रामचं पान उघडलं आणि एखाद्या अनोळखी माणसाच्या नजरेनं पाहिलं. चित्राचा आकार कुठेच लिहिलेला नाही. माध्यम नाही. चित्र विकायचंय की नुसतं दाखवायचंय, कळायला मार्ग नाही. थोडक्यात, अंगण सरळच होतं.

फोटोतच घोळ

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथेच जरा थांबते. चित्र पूर्ण होतं रात्री, धीर धरवत नाही, आणि आपण पिवळ्या बल्बखाली फोटो काढून मोकळे होतो. माझं एक जलरंगातलं चित्र असंच गेलं. जलरंगात कोरा सोडलेला कागद हाच उजेड असतो. फोटोत तोच पिवळा पडला आणि आकाशाचा निळा हिरवट दिसायला लागला. मी तो फोटो तसाच टाकला. चित्र घेणाऱ्या बाईंनी पार्सल उघडल्यावर विचारलं, "हे तेच चित्र आहे ना?"

पिवळ्या बल्बचा प्रकाश साधारण २७०० केल्विनचा (हे प्रकाशाच्या रंगछटेचं माप, आकडा कमी तितका प्रकाश पिवळा), तर दिवसाचा ५५०० ते ६५०० च्या आसपास. यातला एकच असेल तर मोबाइलचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा म्हणून रंग जुळवणारी सोय, बऱ्यापैकी सांभाळून घेतो. खिडकी आणि बल्ब दोन्ही असतील, तर चित्राची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट येते. एक बाजू सुधारायला जावं तर दुसरी बिघडते. म्हणून घरातले दिवे बंद करा, थेट ऊन न येणाऱ्या खिडकीजवळ चित्र ठेवा आणि शेजारी राखाडी कार्ड (रंग जुळवायला वापरतात तो एकसारख्या राखाडी रंगाचा पुठ्ठा) ठेवून एक जादा फोटो घ्या. नंतर रंग जुळवताना तो उपयोगी पडतो.

चौकट वाकडी येते त्याचं कारणही साधं आहे. मोबाइलची मुख्य लेन्स वाइड असते, त्यामुळे अगदी जवळून काढलं की कडा फुगल्यासारख्या दिसतात. मोबाइल तिरका धरला तर आयताचा समलंब चौकोन होतो. दोन पावलं मागे जा, २एक्स झूम घ्या आणि मोबाइल चित्राच्या मध्याच्या उंचीवर, चित्राला समांतर धरा. वार्निश केलेलं तैलचित्र चकाकत असेल तर फ्लॅश बंद ठेवा आणि दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत सारखेच दिवे लावा.

डिजिटल काम करणाऱ्यांची तक्रार वेगळी असते: "माझ्या स्क्रीनवर झकास दिसतं, अपलोड केलं की मरगळतं." फाइलमध्ये रंग नोंदवायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात, आणि बहुतेक वेळा फाइल सीएमवायके किंवा अडोबी आरजीबी या पद्धतीत असते. वेबसाठी एसआरजीबी या नेहमीच्या स्क्रीनच्या पद्धतीत एक्स्पोर्ट करा. सीएमवायके छपाईसाठी राहू द्या.

आणि आकार! फोटोत ८ बाय १० इंचांचं चित्र आणि भिंतभर कॅनव्हास सारखेच दिसतात. "सोफ्याच्या वर शोभेल का?" असं मला एकदा विचारलं गेलं, आणि ते चित्र वहीच्या पानाएवढं होतं. इंच लिहाच, शिवाय हातात धरलेला किंवा भिंतीवर टांगलेला एक फोटोही द्या.

ताकाला जाऊन भांडं लपवणं

"किमतीसाठी मेसेज करा" हे वाक्य मी माझ्या पानावरून काढून टाकलं आहे. विचारणाऱ्याला वाटतं, किंमत ऐकून नाही म्हणावं लागलं तर वाईट दिसेल. म्हणून तो विचारतच नाही. किंमत लिहा, पाठवणीचा खर्च त्यात धरलाय की नाही तेही लिहा. तेच काम गॅलरीतही असेल तर दोन्हीकडे एकच किंमत ठेवा, नाहीतर गॅलरी पुन्हा दारात उभी करणार नाही. विकलेलं चित्र पानावरून उडवू नका, "विकलं गेलं" असं लिहून राहू द्या.

इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये लिहिलेला वेबसाइटचा पत्ता सहसा टॅप होत नाही. तो बायोमध्ये द्या आणि लॉग-आउट करून स्वतः उघडून पाहा. माझी लिंक बरेच दिवस मेलेली होती, कुणी सांगितलंही नाही.

फॉलोअर सगळे चित्रकारच

आपली फॉलोअरची यादी एकदा चाळून बघा. कुठला ब्रश, कुठला कागद, किती थर, हे बघायला चित्रकारच येतात. ते मनापासून लाइक देतात, पण भिंतीसाठी चित्र शोधणारा माणूस ते नव्हेत. त्याला चित्र कशाबद्दल आहे, फ्रेमसह मिळतं का, उन्हात रंग उडतील का, हे हवं असतं. रंग मिसळतानाचे व्हिडिओ बंद करा असं मी म्हणत नाही (मलाच ते बघायला आवडतात), पण नुसते तेच नकोत.

दार दुसऱ्याच्या मालकीचं

व्हाइन (Vine) हे छोट्या व्हिडिओंचं ॲप जानेवारी २०१७ मध्ये बंद झालं, गूगल प्लस हे गूगलचं सोशल नेटवर्क सर्वसामान्यांसाठी एप्रिल २०१९ मध्ये. तिथे जमवलेली माणसं तिथेच राहिली. घेणाऱ्यांचे ईमेल पत्ते, त्यांच्या परवानगीनं, स्वतःकडे जपून ठेवा. वेबसाइट साधी असली तरी चालेल.

चोरीची धास्ती आणि खरी फसवणूक

चोरीच्या भीतीनं चित्राच्या छातीवर भलामोठा वॉटरमार्क (फोटोवर उमटवलेलं आपलं नाव) मारला, की घेणाराही पळतो. त्यापेक्षा लांब बाजू १५०० पिक्सेल ठेवा. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, त्यातून जेमतेम ५ इंचांची छपाई निघते. मोठी फाइल आपल्याकडेच राहू द्या. चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं बहुतेक देशांत होत नाही, तेव्हा घेणाऱ्याला ते मगवर छापायचं असेल तर वेगळी लेखी परवानगी आणि वेगळे पैसे.

फसवणूक मात्र गोड बोलून येते. "बायकोला तुमचं काम फार आवडलं, वाढदिवसाला सरप्राइज द्यायचंय." मग चेक येतो जास्त रकमेचा, आणि वरचे पैसे त्यांच्या वाहतूकवाल्याला पाठवा म्हणतात. चेक नंतर वटत नाही, आपले पैसे गेलेले असतात. दुसरा प्रकार तुमच्या चित्राचं एनएफटी (ब्लॉकचेनवर नोंदवलेली डिजिटल मालकी) विकत घेतो म्हणतो, आधी "गॅस फी", म्हणजे त्या नोंदणीचा खर्च, तुम्ही भरा. अशा मेसेजला मी एवढंच विचारते: कोणतं चित्र आवडलं? सहसा उत्तर येत नाही.