पत्र्याच्या गोदामाचे संगणकीय प्रतिमान कसे उभारावे

यवतमाळ-वर्धा भागात कापूस, सोयाबीन आणि तूर साठवण्यासाठी लोखंडी खांब, अँगलच्या कैच्या आणि वर पत्रे अशी गोदामे बांधली जातात. त्यांची मजबुती फायनाइट एलिमेंट पद्धतीने, म्हणजे रचना लहान घटकांत विभागून संगणकावर गणित करून, तपासताना सॉफ्टवेअर चालवणे त्या मानाने सोपे जाते. कस लागतो तो खांब, जमीन आणि वारा यांना गणितात कोणत्या रूपात मांडायचे हे ठरवताना.

सुरुवात पायापासून करावी. बेसप्लेट, म्हणजे खांबाखालची लोखंडी पाटी, चार बोल्टांनी काँक्रीटवर आवळलेली दिसली की तो आधार पूर्ण जखडलेला धरण्याची सवय आहे, पण प्रत्यक्षात तो थोडासा वळतोच. हा फरक किरकोळ नाही: एकसमान भाराच्या तुळईची टोके मोकळी वळू दिली, तर मधला वाक जखडलेल्या टोकांच्या तुलनेत पाचपट येतो. म्हणून एकदा आधार बिजागरीसारखा आणि एकदा जखडलेला धरून दोन्ही गणिते करावीत आणि प्रत्येक भागासाठी त्यांतील प्रतिकूल उत्तर घ्यावे.

त्याखाली आपली काळी जमीन आहे. तिच्यातील चिकणमाती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. शिवाय कडेचा पाया आणि मधला पाया सारखे हलत नाहीत. पाया या थराच्या खाली नेलेला नसेल, तर कोपऱ्यातील एका खांबाला मुद्दाम 10 मिमी उभे विस्थापन देऊन चौकटीत किती आघूर्ण (वाकवणारा जोर) निर्माण होते ते पाहावे. ही चाचणी हमखास राहून जाते, आणि माझ्या मते विदर्भात तीच सर्वांत आधी करायला हवी.

वाऱ्यासाठी आयएस 875 या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात नागपूरचा मूलभूत वेग सेकंदाला 44 मीटर दिला आहे. इतर गुणक लावण्यापूर्वी त्यातून चौरस मीटरला सुमारे 1,160 न्यूटन दाब येतो, तर 0.5 मिमी जाडीच्या पत्र्याचे वजन जेमतेम 50 न्यूटन भरते. वादळात छत वर खेचले जाते ते यामुळेच. अशा वेळी कैचीचा खालचा अँगल, जो एरवी ताणात असतो, दाबात जातो आणि आडवा आधार नसेल तर बाजूला लचकतो. रेषीय स्थैतिक विश्लेषण, म्हणजे भाराच्या प्रमाणातच वाक येतो असे धरून केलेले साधे गणित, हा धोका दाखवत नाही. त्यात ताणबल (दर एकक क्षेत्रफळावरचे अंतर्गत बल) मर्यादेत दिसते आणि सारे सुरक्षित वाटते. म्हणून बकलिंगचे, म्हणजे अशा लचकण्याचे, विश्लेषण वेगळे करावे, आणि अँगल त्याच्या एकाच बाजूने गसेट प्लेटला (सांध्यावरच्या जोडपट्टीला) जोडलेला असल्यास बल मध्यरेषेपासून सरकल्याने येणारी उत्केंद्रताही प्रतिमानात घ्यावी.

पोलादाचे गुणधर्म ठरलेलेच आहेत: स्थितिस्थापकता गुणांक 2 लाख मेगापास्कल, पॉयसन गुणोत्तर (लांबीतील ताणाच्या तुलनेत आडवे आकसण्याचे प्रमाण) 0.3.

गसेट प्लेटची जाळी करताना, म्हणजे ती लहान घटकांत विभागताना, तीन नोडचे (तीन कोपरबिंदूंचे) साधे त्रिकोणी घटक टाळावेत, कारण ते वाकण्याला वाजवीपेक्षा ताठ ठरतात. घटकांचा आकार निम्मा करत जावे आणि उत्तर स्थिरावते का ते पाहावे. मात्र आतल्या तीक्ष्ण कोपऱ्यात ताणबल कधीच स्थिरावत नाही, जाळी बारीक होईल तसे ते वाढतच जाते. तिथला आकडा न घेता थोड्या अंतरावरचा घ्यावा किंवा कोपऱ्याची खरी गोलाई दाखवावी. जाळीतील हयगय किती महागात पडते हे नॉर्वेतील स्लाइपनर-ए या समुद्री मंचाच्या काँक्रीट तळाने दाखवले: त्याच्या भिंतींतील कर्तन ताणबल (कातरणारे ताणबल) सुमारे 47 टक्के कमी मोजले गेले होते आणि ऑगस्ट 1991 मध्ये तो तळ बुडाला.

सॉफ्टवेअरने दाखवलेल्या ताणबलाच्या रंगीत चित्रांकडे वळण्यापूर्वी सर्व आधारांच्या प्रतिक्रियांची बेरीज लावलेल्या एकूण भाराशी ताडून पाहावी आणि एका कैचीतील बले कागदावर सांधे-पद्धतीने, म्हणजे एकेका सांध्यावरच्या बलांचा समतोल मांडून, काढावीत. दोन्ही जुळल्यावर छताच्या उचलीमुळे प्रत्येक बोल्टावर येणारी ओढ वेगळी लिहून फॅब्रिकेटरच्या हाती द्यावी, म्हणजे काँक्रीट ओतण्याआधीच बोल्टाची जाडी आणि खोली ठरते.