ट्रेनिंगसाठी पोर्टफोलिओ पाठवताय? आधी नहाणी ट्रॅपचं ड्रॉइंग काढा

दादरला एका छोट्या आर्किटेक्चर ऑफिसात मी नोकरी करते. सोसायट्यांचे पुनर्विकास, थोडंफार इंटिरिअर आणि अधूनमधून कोकणातलं एखादं घर, अशी आमची कामं. ट्रेनिंगसाठी आणि पहिल्या नोकरीसाठी येणारे अर्ज उघडायचं काम सरांनी माझ्या गळ्यात मारलंय. त्यामुळे पोर्टफोलिओ, म्हणजे तुमच्या निवडक कामांची फाइल, उघडणाऱ्याला काय दिसतं, तेवढंच मी इथे सांगणार आहे. कॉलेजात तुम्हाला जे सांगितलं असेल त्याच्याशी काही गोष्टी जुळणार नाहीत. तिथे मार्क मिळवायचे असतात, इथे काम.

सगळे प्रोजेक्ट घालू नका. पहिल्या सेमिस्टरचा क्यूब, दुसऱ्यातला बस स्टॉप, तिसऱ्यातली बालवाडी असा जन्मापासूनचा वृत्तांत वाचायला कुणाला वेळ नसतो. तीन पुरे. एक मुंबईतल्या अशा जागेवरचा, जिथे तुम्ही स्वतः टेप घेऊन गेला होतात. एक असा, ज्यात बांधकाम कसं होणार हे तुम्हाला कळलंय असं दिसेल. तिसरा निव्वळ आवडीचा: खुर्ची असो, गणपतीचं मखर असो, की कॉलेजच्या फेस्टिवलला बांबूत उभा केलेला मंडप. मला स्वतःला तिसराच बघायला मजा येते, पण बोलावणं बहुतेक वेळा पहिल्या दोनांवरून जातं.

मोजलेली जागा

मुंबईतल्या विद्यार्थ्यांचे विषय ठरलेले: चाळ, गिरणीची जागा, कोळीवाडा. वरळी कोळीवाड्यातल्या लोकांनी आजवर जितके आर्किटेक्चरचे विद्यार्थी पाहिलेत, तितके ज्युरीतल्या, म्हणजे कॉलेजात प्रोजेक्ट तपासणाऱ्या, सरांनीही पाहिले नसतील. विषय जुना असला तरी बिघडत नाही, मोजमाप मात्र तुमचं हवं.

गेल्या वर्षी आमच्याकडे आलेल्या एका मुलीने गिरगावातल्या एका चाळीची गॅलरी काढली होती. एकच सेक्शन, म्हणजे उभा छेद, १:२० ला. गॅलरीची रुंदी चार फूट. पण चपलांचं कपाट, पाण्याचं निळं पिंप आणि तुळशीची कुंडी मोजून जागेवर लावल्यावर चालायला उरतात सव्वादोन फूट, हे तिने तिथेच डायमेन्शन टाकून दाखवलं होतं. कठड्यावर गोधडी वाळत घातलेली. त्या गोधडीमुळे आतल्या खोलीत अंधार कुठपर्यंत जातो, तेवढा भाग तिरप्या रेघांनी हॅच केलेला. शेजारी तिचं डिझाइन: गॅलरी सहा फुटांची, पिंपाला भिंतीत कोनाडा, कपड्यांना कठड्याच्या बाहेर वेगळी दांडी. ‘कम्युनिटी’, ‘इंटरॅक्टिव्ह स्पेस’ असला एक शब्द पानावर नव्हता. सरांनी ते पान पाहिलं, पुढची उलटलीच नाहीत. सोमवारपासून ये म्हणाले.

तुमचा विषय मुंबईतल्या सरकारी बीडीडी चाळी असेल, तर त्या १९२० च्या दशकात बांधल्या, खोली १६० चौरस फुटांची आणि पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळतं, ही माहिती आम्हाला पाठ आहे. तिच्यावर आख्खं पान खर्चू नका. त्या १६० फुटांत माळा कुठे काढलाय, मोरी कुठल्या कोपऱ्यात आहे, रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा कुठे झोपतो आणि तेव्हा पोरं अभ्यासाला कुठे बसतात, ते काढा.

मोजायला जाण्याआधी विचारायचं. कॉलेजचं पत्र घेऊन आधी कमिटीच्या सेक्रेटरीकडे जा. पुनर्विकासाचं वारं वाहत असलेल्या चाळीत टेप दिसला की लोकांना तुम्ही बिल्डरची माणसं वाटता, आणि मग चहा तर सोडाच, जिन्यातूनच परत पाठवतात. दारात उभं राहून “काकू, पाच मिनिटं खोली मोजली तर चालेल का?” एवढं म्हटलं तरी पुष्कळ दारं उघडतात. प्रोजेक्ट झाल्यावर त्यांच्या घराचा प्लॅन प्रिंट काढून नेऊन द्या. काकू त्यातली चूकही दाखवतील, आणि ती बहुधा खरी असेल.

सेक्शनमध्ये हवा, ऊन, पाऊस

प्लॅन सगळ्यांचेच बरे असतात. सेक्शन बघितला की माणूस कळतो.

‘उत्तरेला ऊन नाही, म्हणून सगळी काच’ असं लिहिलेली शीटं दर खेपेला येतात. ते युरोपात ठीक. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य माथ्यावरून किंचित उत्तरेला कललेला असतो, आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या भिंतीवर तिरपं ऊन येतं. जून-जुलैत ढग असतात म्हणून चालून जातं, पण मेचे शेवटचे दोन आठवडे त्या काचेमागे बसून दाखवा. सूर्याचा कोन काढायला आता सॉफ्टवेअर आहे. तो कोन सेक्शनवर एका रेघेने दाखवला, तर रेंडरपेक्षा (कॉम्प्युटरवरच्या फोटोसारख्या चित्रापेक्षा) ती रेघ जास्त बोलते.

अभ्यासाला आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची कंबाला हिलवरची कांचनजंगा ही इमारत घ्या, १९८३ ची. मुंबईत वारा पश्चिमेचा, समुद्रही पश्चिमेला, आणि नेमकं दुपारचं ऊन आणि पावसाचा माराही त्याच बाजूने. जुन्या बंगल्यांनी भोवती व्हरांडा घेऊन हा प्रश्न सोडवला होता. कोरियांनी तोच व्हरांडा कोपऱ्यांतल्या दोन मजली उंचीच्या बागांच्या रूपाने टॉवरमध्ये चढवला. इमारतीत शिरता येणार नाही, पण सेक्शन छापलेला मिळतो. तो हाताने एकदा पुन्हा काढा. बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज मात्र हार्बर लोकलने जाऊन खुशाल फिरून बघता येतं. तिथे रहिवाशांनी घरं इतकी वाढवलीत की मूळचं घर शोधावं लागतं. कोरियांनी ती वाढवता यावीत म्हणूनच तशी आखली होती.

बाथरूमचं पाणी जातं कुठे?

ज्युरीत हा प्रश्न क्वचित येतो. आमच्याकडे तो पहिला असतो, कारण सोसायटीतली निम्मी भांडणं वरच्या मजल्याच्या गळतीवरून असतात.

म्हणून पोर्टफोलिओत एक तरी वर्किंग ड्रॉइंग, म्हणजे साइटवर बघून बांधता येईल असं ड्रॉइंग, असू द्या. स्वतःच्याच प्रोजेक्टमधलं एखादं टॉयलेट घ्या, चार बाय सात फुटांचं, आणि १:१० ला कापा. खाली सनकन, म्हणजे बाकीच्या मजल्यापेक्षा खाली उतरवलेला, स्लॅब. त्यावर वॉटरप्रूफिंग, आणि ते भिंतीवर किती वर चढवलंय ते. भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्यात वाटा. मग विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यावर मसाला, त्यावर लादी. लादीचा उतार नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे जमिनीतल्या पाणी जायच्या जाळीकडे, आणि ट्रॅप शॉवरच्या कोपऱ्यात. दाराशी ठेवलात तर आंघोळीचं सगळं पाणी पायांखालून जाणार. दाराला ग्रॅनाइटचा उंबरा. बाहेरच्या लादीची लेव्हल आणि आतल्या लादीची लेव्हल, दोन्ही आकड्यांत. ट्रॅपचा पाइप डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, कुठून निघतो आणि त्या डक्टमध्ये प्लंबर शिरणार कसा, तेही.

वाटा म्हणजे काय हे नेटवर शोधत बसू नका. घराजवळ एखादी बिल्डिंग चढत असेलच, तिथल्या मिस्त्रीला विचारा. थापीच्या टोकाने दोन मिनिटांत करून दाखवेल. सनकन भागात पाणी भरून ठेवतात आणि खालच्या छताला ओल येते का बघतात. त्या वेळी साइटवर असाल तर वरून एक आणि खालून एक असे फोटो घ्या आणि ड्रॉइंगशेजारी लावा. असं पान मला अजून फार कुणी पाठवलेलं नाही.

दुसरी परीक्षा जिन्याची. मजल्याची उंची ३००० मिलिमीटर, रायझर (पायरीची उंची) १५० चा, म्हणजे वीस रायझर. दोन फ्लाइटच्या, म्हणजे मध्ये वळणाऱ्या दोन तुकड्यांच्या, जिन्यात प्रत्येकी दहा. दहा रायझरना ट्रेड (पाय ठेवायची जागा) नऊच लागतात, दहावी पायरी म्हणजे लँडिंग किंवा वरचा मजला. २५० चा ट्रेड धरला तर फ्लाइटची लांबी २२५० आली. हे गणित चुकलेला जिना प्लॅनमध्ये सुंदर दिसतो आणि सेक्शनमध्ये बीममध्ये घुसतो. पाठवण्याआधी आपापले जिने मोजा.

बाकीचं पटापट

पंधरा-वीस पानं, ए३ आडवी, फाइल दहा एमबीच्या आत. फाइलच्या नावात तुमचं नाव आणि वर्ष असू द्या. ‘पोर्टफोलिओ फायनल फायनल नवीन’ माझ्या डाउनलोडमध्ये ढिगाने पडलेत. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघा नकोत, आम्ही प्रिंट काढतो. ड्रॉइंगला स्केल आणि उत्तर दिशा हवीच. रेंडरमध्ये परळच्या चौकात मेपलची झाडं आणि ओव्हरकोट घातलेली माणसं दिसली की हसू येतं. गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, छत्र्या शोधल्या तर मिळतात. एआयने काढलेलं चित्र वापरलंत तर तसं लिहा. ग्रुप प्रोजेक्ट असेल तर तुम्ही नेमकं काय केलंत ते एका ओळीत. त्याच ग्रुपच्या दुसऱ्या मेंबरचा अर्जही माझ्याकडे आलेला असू शकतो.

मॉडेलचे फोटो सकाळी लवकर गच्चीवर काढा, मागे राखाडी कागद धरून. स्टुडिओच्या ट्यूबलाइटमध्ये सनबोर्ड (मॉडेलचा पांढरा फोमशीट) हिरवट दिसतो. आणि डोंबिवलीहून मॉडेल आणणाऱ्यांसाठी: ते दोन भागांत सुटेल असंच बनवा, लोकलचा मालडबा पकडा, आणि गर्दीच्या वेळच्या फास्टचा नाद सोडा.

नावापुढे ‘आर्किटेक्ट’ लावू नका. १९७२ च्या कायद्यानुसार पदवीनंतर काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झाल्यावरच ते लावता येतं. ट्रेनिंग जिथे करणार तिथले आर्किटेक्ट नोंदणीकृत आहेत ना, हेही आधी बघून घ्या. नाहीतर कॉलेज सर्टिफिकेट धरत नाही आणि सेमिस्टर बोंबलतं.

कुठे अर्ज करायचा

हे तुम्हाला काय व्हायचंय त्यावर आहे. मोठ्या ऑफिसात बीआयएम (इमारतीचं सगळ्या माहितीसकट कॉम्प्युटर मॉडेल) शिकाल, शिस्त शिकाल, पण चार महिने एकाच टॉवरच्या पार्किंगच्या रेघा ओढायचीही तयारी ठेवा. छोट्या ऑफिसात प्लॉटरचा कागद बदलण्यापासून क्लायंटच्या सासूबाईंना देवघराची दिशा समजावण्यापर्यंत सगळं तुमच्या अंगावर पडतं. पालिकेच्या मंजुऱ्यांचं काम करणाऱ्या ऑफिसांना विद्यार्थी नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. ज्याला या शहरात पुढे स्वतःचं ऑफिस काढायचंय त्याने आयओडी (प्लॅनची प्राथमिक मंजुरी), सीसी (बांधकामाची परवानगी), ओसी (राहायची परवानगी) हा प्रवास एकदा आतून बघावा, आणि डीसीपीआर २०३४, म्हणजे मुंबईच्या विकास नियमावलीतली, ३३(७) आणि ३३(१०) ही कलमं तरी समजून घ्यावीत. जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या) इमारती आणि झोपडपट्ट्यांचा पुनर्विकास त्यांच्यावर चालतो, आणि इमारतीचा आकार कित्येकदा आर्किटेक्टच्या आधी तेच ठरवतात. संवर्धनात रस असेल तर ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजू बघा: एकीकडे व्हिक्टोरियन गॉथिक, दुसरीकडे आर्ट डेको, २०१८ पासून जागतिक वारसा यादीत. तिथली एक बाल्कनी जाळी-कठड्यासकट मोजून काढलीत तर ती तुमच्या तीनांतला एक प्रोजेक्ट होईल.

मेल प्रत्येक ऑफिसला वेगळा लिहा. चार ओळी: कोण, कुठल्या वर्षाला, कधीपासून कधीपर्यंत मोकळे, आणि त्या ऑफिसचं कुठलं काम बघून अर्ज केलात. ‘रिस्पेक्टेड सर’ म्हणून सत्तर पत्ते एकत्र टाकलेला मेल आम्हाला दिसतो, सत्तरच्या सत्तर पत्त्यांसकट.

मुलाखतीला स्केचबुक आणा, खराब पानांसकट. पाच वर्षांनी कुठे असाल, हे सर विचारतातच. ‘स्वतःचं ऑफिस’ म्हणालात तर त्यांना राग येत नाही, ते स्वतःही असेच कुणाकडून तरी बाहेर पडले. ‘अजून ठरलं नाही, पण साइटवर राहायला आवडेल’ हेही चालतं. तुम्हीही विचारा: स्टायपेंड किती आणि किती तारखेला, साइटवर नेणार का, रात्री किती वाजेपर्यंत थांबावं लागतं. शेवटची लोकल किती वाजता आहे हे तिथेच बोलून टाकायला लाजू नका.

रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा, इथली कुठली ड्रॉइंग पुढच्या पोर्टफोलिओत दाखवता येतील. ड्रॉइंग ऑफिसची असतात, क्लायंटचं नाव-पत्ता झाकायचा असतो. आम्ही विचारणाऱ्याला सहसा देतो. न विचारता पेनड्राइव्हवर घेणाऱ्याला सर्टिफिकेटसाठी चकरा माराव्या लागतात.