जुना रीपर पीक चघळतोय? नवी ब्लेडं आणण्याआधी खालची पाती पाहा

सोयाबीनच्या शेंगा खुळखुळायला लागल्या की वर्षभर शेडमध्ये उभा असलेला रीपर, म्हणजे पीक कापायचं यंत्र, बाहेर निघतो, आणि पहिल्याच तासाला कळतं की तो नीट कापत नाही. झाडं नुसती आडवी होतात, काही मुळासकट उपटून येतात, शेंगा झडतात, कटर बारमध्ये, म्हणजे यंत्राच्या पुढच्या कापणाऱ्या दांड्यात, पाल्याचा बोळा अडकतो. अशा वेळी ब्लेडचा नवा संच आणून बसवणं हेच बहुतेकांना सुचतं. मीही एका हंगामात तेच केलं. सगळी ब्लेडं नवी, बोट लावायची भीती वाटावी अशी धार, आणि तरी यंत्र पीक चघळतच होतं. दोष फिंगरमधल्या, म्हणजे कटर बारवरून बोटांसारख्या पुढे निघालेल्या टोकांमधल्या, खालच्या पात्यांचा होता. त्यांच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या आणि मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं.

विळा धारेच्या जोरावर कापतो. रीपरचं काम कात्रीचं आहे. वरचं त्रिकोणी ब्लेड डावी-उजवीकडे सरकतं, खालचं पातं जागेवर असतं आणि देठ त्या दोघांच्या कडांमध्ये सापडून तुटतो. अमेरिकेत ओबेड हसीने १८३३ मध्ये आणि सायरस मॅकॉर्मिकने १८३४ मध्ये कापणी यंत्राचं पेटंट घेतलं. फिंगरमधून सरकणाऱ्या त्रिकोणी ब्लेडांची हसीची कल्पना आजही गवत कापायच्या यंत्रात, रीपरमध्ये आणि कम्बाइन हार्वेस्टरच्या तोंडाशी तशीच दिसते. म्हणून पुढे लिहिलेलं फिंगर असलेल्या कुठल्याही कटर बारला लागू पडतं. काही लहान, हाताने चालवायच्या रीपरना फिंगर नसतात, खाली नुसती स्थिर पाती असतात. तिथे फिंगरचा भाग सोडून द्या.

आधी धसकट पाहा

यंत्राला हात लावण्याआधी कापलेल्या पट्ट्यात वाकून धसकट बघा. काप स्वच्छ असेल तर कटर बार ठीक आहे, बिघाड बेल्टमध्ये किंवा चालवण्याच्या वेगात शोधा. धसकट चिंध्यांसारखं फाटलेलं असेल तर वरचं आणि खालचं पातं यांत फट पडली आहे किंवा कडा गेल्या आहेत. ठरावीक अंतरावर एकच ओळ उभी राहत असेल तर तेवढ्याच जागी ब्लेड तुटलंय किंवा फिंगर वाकलंय.

पट्टी बाहेर काढणं

इंजिन बंद करा. पेट्रोल इंजिन असेल तर प्लगची वायर काढून बाजूला ठेवा. ट्रॅक्टरवरचा रीपर असेल तर पीटीओ (ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणारा फिरता दांडा) सोडवा आणि किल्ली खिशात घाला. कटर बारखाली लाकडी ठोकळे द्या. जाड चामड्याचे हातमोजे हवेतच. सगळी वरची ब्लेडं एकाच लांब पट्टीवर बसवलेली असतात, ती एका टोकाला हलवली की सगळी एकदम सरकतात. त्यामुळे एकजण पुली फिरवतोय आणि दुसऱ्याचा हात फिंगरपाशी आहे, असं कधीही होऊ देऊ नका. दोघं काम करत असाल तर पुलीला हात लावण्याआधी मोठ्याने सांगायची सवय लावून घ्या.

पट्टीला डावी-उजवीकडे हलवणारा कनेक्टिंग रॉड तिच्या डोक्यापासून, म्हणजे जोडाच्या टोकापासून, सोडवला की पट्टी एका बाजूने ओढून निघते. वर्षभराची माती आणि वाळलेला चीक असल्यामुळे ती बहुधा अडकलेली असते. रात्रभर डिझेल सोडून ठेवा आणि सकाळी लाकडाचा तुकडा मध्ये धरून ठोका. डोक्यावर थेट हातोडा मारला तर ते चेपतं आणि मग रॉड नीट बसत नाही. पट्टी निघाली की सपाट फरशीवर ठेवून वाकली आहे का पाहा.

फिंगर आणि खालची पाती

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. पट्टी बाहेर असतानाच खालच्या पात्यांच्या कडेवर हातमोज्यातूनच पान्याचं टोक फिरवून बघा. कड टोकदार असेल तर टोक अडखळतं, झिजली असेल तर घसरतं. या पात्यांच्या कडेला बहुधा बारीक दाते असतात. देठ निसटू नये म्हणून ते दिलेले असतात, त्यामुळे दाते पुसले गेले असतील तर पातं कामातून गेलं. काही फिंगरमध्ये पातं रिबीट काढून वेगळं बदलता येतं. जुन्या, गंजलेल्या फिंगरमध्ये ती खटपट करण्यापेक्षा मी पूर्ण फिंगरच बदलतो.

मग सगळी फिंगर एका रेषेत आहेत का ते पाहायचं. कटर बारच्या एका टोकाशी बसून, डोळा पात्यांच्या उंचीला आणून पलीकडे पाहा, किंवा या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणा. जुळवायच्या आहेत त्या पात्यांच्या वरच्या सपाट बाजू. फिंगरची पुढची टोकं थोडी वरखाली दिसली तरी चालतं. आमच्याकडच्या जमिनीत दगड फार आणि सोयाबीनच्या खालच्या शेंगा जमिनीलगत, त्यामुळे बार खाली ठेवावाच लागतो आणि दरवर्षी दोन-चार फिंगर दगडाला लागून वाकतात. थोडं वाकलेलं फिंगर जाड पाईप घालून किंवा हातोड्याच्या बेताच्या ठोक्यांनी रेषेत येतं. तडा दिसला तर मात्र सरळ करत बसू नका, ते शेतात तुटेल आणि त्याचा तुकडा दोन ब्लेडं घेऊन जाईल. फिंगरचे बोल्ट पक्के आवळून पुन्हा एकदा रेषा पाहा, कारण आवळताना फिंगर फिरतं.

ब्लेड बदलणं

तुटलेलं, मोठा खड्डा पडलेलं किंवा घासून अरुंद झालेलं ब्लेड बदला, बाकीची ठेवा. नवं ब्लेड आणताना जुनं सोबत न्या. बहुतेक ब्लेडं ३ इंच, म्हणजे ७६.२ मिलिमीटर रुंदीची असतात, पण भोकांचं अंतर आणि जाडी वेगळी निघू शकते.

जुनं ब्लेड काढायची सोपी रीत अशी. व्हाईसचा जबडा थोडा उघडा ठेवून ब्लेडचं टोक खाली लोंबतं सोडा, म्हणजे पट्टीची कड जबड्यावर टेकेल. मग ब्लेडच्या मागच्या कडेवर जड हातोड्याचा एक जोरदार घाव घाला. रिबीट मधूनच कातरल्या जातात आणि उरलेले तुकडे पंचने बाहेर पडतात. डोळ्यांवर चष्मा हवाच. या पद्धतीने ब्लेड सुटलं नाही तर ग्राइंडरने रिबीटचं डोकं घासून काढा, पण पट्टी घासू देऊ नका. गॅसने भोक जाळून काढणं टाळा. त्या जागी पट्टीचं पाणी उतरतं आणि पुढे ती तिथेच मोडते.

नवं ब्लेड बसवताना उताराची बाजू वर आणि सपाट बाजू खालच्या पात्याकडे ठेवा. ब्लेड आणि पट्टीमध्ये मातीचा कणही राहू नये. रिबीट घालून खालून ऐरणीचा भक्कम आधार द्या, आधी सरळ ठोक्यांनी ती भोकात भरू द्या आणि मग डोकं गोल करा. बसल्यावर ब्लेड जरासुद्धा हलता कामा नये. रिबीटऐवजी नट-बोल्टची ब्लेडंही मिळतात. शेतात उभ्या उभ्या बदलायला ती बरी, फक्त नट क्लिपला (पट्टीला वरून दाबून ठेवणाऱ्या पकडीला) किंवा फिंगरला घासत नाहीत ना हे तपासा.

वाळलेल्या सोयाबीन-गव्हाला दात्यांची ब्लेडं चांगली. ओल्या गवताला आणि लसूणघासाला साधी, गुळगुळीत धारेची बरी. साध्या ब्लेडला धार लावताना फक्त उताराची बाजू घासा, मूळ कोन ठेवा आणि धार निळी पडेपर्यंत ग्राइंडर दाबू नका. निळं पडलेलं ब्लेड तासाभरात बोथट होतं.

क्लिप आणि मधोमध जुळणी

पट्टी परत घातली की वरच्या क्लिपा तिला खालच्या पात्यांवर दाबून ठेवतात. क्लिप आणि ब्लेड यांत साधारण अर्ध्या मिलिमीटरची फट पुरते. जास्त असेल तर पट्टी बाहेर ओढून क्लिपवर हलका ठोका द्या आणि पुन्हा घालून पाहा. पट्टी हाताने पूर्ण लांबीभर सरकली पाहिजे, पण वरखाली डुगडुगायला नको. मागच्या बाजूला जी पोलादी पट्टी टेकण देते ती झिजली असेल तर तीही बदला, नाहीतर ब्लेडची टोकं उचलली जातात.

आता कनेक्टिंग रॉड जोडून पुली हाताने फिरवा. पट्टी ज्या टोकाला पोचून परत फिरते, तिथे प्रत्येक ब्लेडचा मध्य फिंगरच्या मध्यावर आला पाहिजे, दोन्ही टोकांना. एका बाजूला कमी भरत असेल तर यंत्रात जशी सोय असेल तशी रॉडची लांबी जुळवा. रॉडच्या बुशमध्ये खेळ असेल तर ही जुळणी टिकत नाही, म्हणून बुश आधी बदला. ट्रॅक्टरच्या बाजूला लांब बाहेर निघणारा बार असेल तर त्याचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा थोडं पुढे ठेवतात, दर फुटाला साधारण पाव इंच. काम करताना बार मागे रेटला जातो आणि मग तो सरळ रेषेत येतो.

शेवटी जाड कागदाची पट्टी पक्कडीत धरून एकेका फिंगरमध्ये द्या आणि दुसऱ्याला पुली सावकाश फिरवायला सांगा. कागद चिमटला किंवा दुमडला तर त्या जागी अजून फट आहे.

सुरू केल्यावर

पहिली दहा मिनिटं कमी वेगात, पिकाबाहेर चालवा. बंद करून पट्टीचं डोकं आणि रॉडचं बेअरिंग किती तापलं ते पाहा. ग्रीस निप्पल भरा. पहिला एकर झाल्यावर फिंगर आणि ब्लेडचे बोल्ट पुन्हा आवळा. नवे भाग बसताना सैल होतातच.

हंगाम संपला की पट्टी काढून डिझेलने धुवा, जुनं इंजिन ऑइल फासा आणि जुना रबरी पाईप उभा चिरून ब्लेडच्या टोकांवर चढवा. मग ती भिंतीला, मुलांच्या हाताला न लागेल इतक्या उंचीवर, आडवी टांगा.