वर्गातलं काम आव्हानात्मक करताना या चुका टाळा

काम अवघड करायचं म्हटलं की आपण आधी संख्या वाढवतो. दहाच्या जागी वीस गणितं देतो. मुलं दमतात, पण विसाव्या गणितातही रीत पहिल्याचीच असते, त्यामुळे नव्यानं विचार करावा लागत नाही. 'लांबी 8 सेमी, रुंदी 4 सेमी, क्षेत्रफळ काढा' असं वीसदा विचारण्यापेक्षा एकदाच विचारा: परिमिती 24 सेमी असलेले कोणकोणते आयत काढता येतील? सर्वांत जास्त क्षेत्रफळ कोणाचं, आणि का? बाजू 1 आणि 11 घेतल्या तर 11 चौसेमी, 5 आणि 7 घेतल्या तर 35, दोन्ही 6 घेतल्या तर 36. गुणाकाराचा सराव इथेही होतोच. शिवाय चौरसाला आयत म्हणायचं का, यावरून वाद होतो. तो होऊ द्या, व्याख्या त्यातूनच पक्की होते.

माझ्या मते सर्वांत मोठं नुकसान होतं ते चांगला प्रश्न देऊन आपणच तो सोपा करून टाकल्यानं. वर्ग गप्प झाला की राहवत नाही, आणि 'आधी तक्ता करा, मग गुणा' असं तोंडून निघून जातं. मग मुलांना उरतो नुसता गुणाकार. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम 1 सेकंद थांबतात, हे अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात दाखवून दिलं. 3 सेकंद थांबलं तर उत्तरं सविस्तर येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. अडलेल्या मुलाला रीत सांगू नका. 'आतापर्यंत काय करून पाहिलंस?' एवढंच विचारा. तरीही सुरुवातच होत नसेल, तर परिमितीच समजलेली नाही. तेव्हा मात्र मागे जाऊन ती शिकवायलाच हवी.

शाब्दिक उदाहरणात वर्गातल्याच मुलांची नावं घातल्यानं प्रश्न अर्थपूर्ण होत नाही. 'पाण्याचे महत्त्व' या निबंधाऐवजी शाळेतल्या गळक्या नळातून तासाभरात किती पाणी जातं ते मोजायला लावा आणि मुख्याध्यापकांना पत्र लिहायला सांगा. खरंच वाचणारं कोणी असलं की मुलं स्वतःहून खाडाखोड करतात, वाक्यं सुधारतात.

असे प्रश्न फक्त 'हुशार' मुलांसाठी राखून ठेवू नका. आयताच्या प्रश्नात एक आयत प्रत्येकालाच काढता येतो. आणि गुण केवळ अंतिम उत्तराला देऊ नका, नाहीतर मुलं चुकायच्या भीतीनं वही कोरी ठेवतात. फसलेल्या प्रयत्नामागचा विचार नीट मांडला असेल, तर त्यालाही गुण द्या आणि काम सुरू करण्याआधीच हे मुलांना सांगा.