मोटर बसवायला सायकल घेताय? दुकानात मोजपट्टी घेऊन जा

स्वस्तातली सायकल घेतली, हब मोटरचा (चाकाच्या मधोमध बसणाऱ्या मोटरचा) संच मागवला आणि मोटर फ्रेममध्ये बसेचना, ही नेहमीची रडकथा. पैसे देण्याआधी एवढं तपासा:

१. मागच्या चाकाचा आस जिथे बसतो त्या दोन पात्यांमधलं आतलं अंतर मोजा. गिअरच्या बहुतेक साध्या सायकलींत ते १३५ मिमी भरतं, आणि मागच्या चाकाच्या मोटरीही बहुधा याच मापाच्या असतात. मोटर पुढच्या चाकात बसवायची तर तिथे १०० मिमी लागतं. बिनगिअरच्या सायकलीत मागची जागा अरुंद असते. 'ताणून बसवू' या भरवशावर घेऊ नका. आस खाचेत बसून नटाने आवळला जाणारा हवा, आरपार भोकातून जाणारा चालत नाही.

२. खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. फ्रेमला आणि पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला चिकटलं की पोलाद समजा, मोटरच्या जोराला तेच बरं. जड असेना का, ओढायला मोटर आहेच.

३. फ्रेमच्या त्रिकोणात बॅटरीची लांबी-उंची धरून बघा. मागे सस्पेन्शन असेल तर ती जागा बहुधा गेलीच. स्वस्त सायकलीत तो निव्वळ दिखावा असतो.

४. ब्रेक डिस्कचे हवेत किंवा व्ही-ब्रेक (चाकाच्या कडेला दोन्हीकडून दाबणारे). डिस्क असेल तर मोटरही डिस्क बसणारी मागवा.

एक सावधगिरी: पोलादी फ्रेम असली तरी टॉर्क आर्म (आस फिरू नये म्हणून त्याला फ्रेमशी जखडणारी पट्टी) लावाच. मोटरच्या जोराने आस खाचेतच फिरला तर वायर पिळून तुटते, आणि मोटर पुढच्या चाकात असेल तर ते चाक सुटूनही येऊ शकतं.