शिलाई मशीनला तेल घालताना

माझं मशीन पायाचं, काळं. तेल घालण्याआधी सुई काढते, कापड पुढे सरकवणाऱ्या दातांवरची पट्टी उघडते आणि बॉबिनपाशी साचलेला कापसाचा भुगा ब्रशने झाडते. भुग्यावर तेल पडलं की चिखल होतो. मग वरच्या प्रत्येक छिद्रात आणि शटलच्या, म्हणजे बॉबिन बसते त्या भागाच्या, कडेला एकेक थेंब. पायट्याचे सांधे विसरू नका. चामडी पट्ट्याला मात्र तेल लागू देऊ नका, तो घसरतो.

तेल मशीनचंच, पातळ. खोबरेल नकोच! २४ अंशांखाली ते गोठतं, जुनं झालं की चिकटतं. शेवटी दोरा न ओवता मशीन चालवा, मग चिंधीवर टीप मारा.

फाइल हलवायला दिलेल्या पैशालाही लोक ‘वंगण’ म्हणतात. मला ते फार खुपतं. वंगणाने झीज थांबते, लाचेने वाढते.