मेइजी जिंगूला जाताय? या चुका टाळा

टोकियोत हाराजुकू स्टेशनाच्या एका बाजूला ताकेशिता गल्लीची झुंबड, दुसऱ्या बाजूला मेइजी जिंगू या शिंतो देवस्थानाचं रान. बरेच जण आधी खरेदी उरकतात आणि देवस्थान शेवटाला ठेवतात. तिथेच फसतात. हे दार सूर्याबरोबर उघडतं आणि मिटतं. डिसेंबरात तर दुपारी चारलाच बंद. सकाळी लवकर जा. प्रवेश फुकट आहे. नववर्षाचे पहिले तीन दिवस मात्र लाखोंची रीघ लागते, तेव्हा शांतता शोधायला जाऊ नका.

तोरी म्हणजे देवस्थानाची कमान. तिच्यापाशी थांबून किंचित वाका, मग आत शिरा. वाटेचा मध्य देवाचा मानतात, म्हणून कडेने चाला. आणि कृपा करून धावू नका! सुमारे ७० हेक्टरांचं हे जंगल आपोआप उगवलेलं नाही. १९२० साली सम्राट मेइजी आणि सम्राज्ञी शोकेन यांच्यासाठी हे देवस्थान उभं राहिलं, तेव्हा देशभरातून आलेली सुमारे एक लाख झाडं माणसांनी हातांनी लावली. दर्शनाचा अर्धा आनंद या खडीवरच्या चालण्यातच आहे.

सगळ्यात जास्त गोंधळ दर्शनाआधी पाण्याच्या कुंडावर हात धुताना होतो. आपण सवयीने ते पाणी तीर्थ समजून पितो. तसं नाही. लांब दांड्याचं ओगराळं उजव्या हातात धरून डावा हात धुवा, मग हात बदलून उजवा. पुन्हा उजव्या हातात घेऊन डाव्या ओंजळीत थोडं पाणी घ्या, चूळ भरा आणि ती कुंडाबाहेर हळूच सोडा. ओगराळं ओठांना लावायचं नाही. डावा हात परत धुवा, शेवटी ओगराळं उभं धरा म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळून तोही धुतला जातो. हे सगळं एका ओगराळ्यात बसवायचं.

देवळापुढे नाणं टाका, दोनदा वाका, दोन टाळ्या, मनातलं मागणं, मग एकदा वाका. या टाळ्या आसाकुसाच्या सेन्सोजीत वाजवू नका, ते बौद्ध मंदिर आहे. मुख्य देवळासमोर उभं राहून आतले फोटो काढू नका.

नवसाची लाकडी पाटी, एमा, बिनधास्त मराठीत लिहा. पडलेलं पान मात्र आठवण म्हणून उचलू नका. वाटेवरचा पाचोळा झाडून इथे पुन्हा झाडांखालीच टाकतात.